राघूच्या जागी

शाळेला नवी गाडी आली आणि पहिल्याच आठवड्यात द्वारका सुतारने ती विश्रामबागच्या चौकात, भर रहदारीत उभी केली. आत पोरं ओरडत होती, मागे सगळी सांगली हॉर्न वाजवत होती. द्वारका मात्र समोरच्या रेडिओकडे बघत बसली होती. रेडिओवर तिचंच गाणं लागलं होतं, तिच्याच आवाजात.

दारीच्या लिंबावरी पाखरांची शाळा भरे,
उडून गेली तेजू, फांदी अजून थरथरे.

तेजू तिची मुलगी. कोल्हापुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, धडधाकट, आज सकाळीच फोनवर आईशी भांडलेली. द्वारकाने हे असं कधी गायलं नव्हतं. गायलंच नसतं.

पोरांना शाळेत सोडून तिने आधी तेजूला फोन लावला. पलीकडून "आता काय गं, आई?" असा वैतागलेला सूर आला तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

"काय न्हाई. जेवलीस का?"

"आत्ता? आई, आत्ता कोण जेवतं?"

"बरं, मग नंतर जेव," म्हणून तिने फोन ठेवला आणि गाडी नादवेल रेडिओच्या इमारतीकडे वळवली.

त्या इमारतीत शर्वरी देवकुळे गाण्यांचं वय सांभाळायची. हुद्दा संगीत-नियोजकाचा, काम हेच, की कुठलं गाणं कुठल्या वाहिनीवर लावायचं, दिवसातून किती वेळा, आणि कधी त्याला हळूच खाली उतरवायचं. नादवेलच्या सहा वाहिन्या होत्या. नव्या गाण्यांची 'धमाल', जुन्यांची 'सावली', गाडीवाल्यांची 'वळण', शेतकऱ्यांची 'शिवार', मुलांची 'अंगण' आणि पूजेच्या वेळची 'पहाट'. पूर्वी गाणं धमालवर जन्माला यायचं, उठता-बसता वाजायचं आणि महिन्या-दोन महिन्यांत जळून जायचं. 'जळलं' हा रेडिओवाल्यांचा शब्द. ऐकणाऱ्याचा हात बटणाकडे गेला की गाणं जळलं. मग ते वर्षानुवर्षं झोपी जायचं, आणि नशिबात असलं तर ऐकणाऱ्यांचे केस पिकल्यावर सावलीवर उठून बसायचं.

गाणं जळतं ते कानात नाही, मेंदूत. मेंदू सारखा पुढचा सूर ओळखत असतो. अंदाज किंचित चुकला आणि मग जुळला, की अंगावर गोड शहारा येतो. पण तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं की अंदाज चुकेनासा होतो. शहारा निघून जातो, सूर तेवढे उरतात. नादवेलने आणलेलं नवं यंत्र नेमकं इथे काम करायचं. डिजिटल रेडिओत आता एकच गाणं प्रत्येक गाडीला, प्रत्येक कानाला वेगळं पोचवता येत होतं. स्टिअरिंगवरच्या बोटांची नाडी, इअरफोनला जाणवणारी कानामागच्या स्नायूची बारीकशी हालचाल, यांवरून यंत्राला कळायचं की या माणसाचा शहारा विझत चालला आहे. मग ते गाण्यात केसाएवढा बदल करायचं. कुठे ओळीआधीचा श्वास लांबवायचं, कुठे ढोलकीचा ठेका तसूभर मागे ओढायचं. ऐकणाऱ्याला बदल कळायचा नाही, गाणं तेवढं आज ताजं वाटायचं. यंत्राचं कागदावरचं नाव भलतंच लांबलचक होतं. ऑफिसात सगळे त्याला 'मावशी' म्हणायचे, कारण दिवसभर ती गाण्यांची तोंडं पुसून, वेण्या घालून त्यांना बाहेर पाठवत असायची.

मावशीची सगळ्यात मोठी करामत म्हणजे खिडकी. गाण्यातला एखादा शब्द मोकळा सोडला, तर त्या जागी ती ऐकणाऱ्याच्या माणसाचं नाव घालायची, तेही गायिकेच्याच आवाजात. ज्याने रेडिओला आपला फोन जोडला, त्याच्या फोनमधलं सगळ्यात जवळचं नाव ती उचलायची. 'गेला'चं 'गेली' करायची. नाव लांब असेल तर घरात हाक मारायचं नाव शोधून काढायची. लोकांना हे ठाऊक होतं आणि आवडायचं. पण कुठला शब्द खिडकी होऊ शकतो, हे माणसानेच सांगावं लागायचं. शर्वरीला त्यासाठीच तर घेतलं होतं. तिचं सगळं शिक्षण जात्यावरच्या ओव्यांत झालेलं. ओवीतला राघू म्हणजे कुठल्याही आईचा लेक आणि मैना म्हणजे कुठलीही लेक, हे तिला पाठ होतं. बायका पिढ्यान्‌पिढ्या तिथे आपापल्या पोराचं नाव घालून गात आल्या होत्या. म्हणून द्वारकाची ओवी हाती आली तेव्हा ती क्षणभरही थांबली नाही. तिने 'राघू'ची खिडकी केली.

आणि गाणं जे चढलं, ते उतरायचं नाव घेईना. धमालवर त्याला वेगळा ठेका, सावलीवर नुसती पेटी, अंगणवर टाळ्या. खिडकी मात्र सगळीकडे तीच. घराघरांतली पोरं परगावी गेलेली, परदेशी गेलेली. कुणाला 'उडून गेला पिंटू' ऐकू येई, कुणाला 'उडून गेली सई'. सहाही वाहिन्यांवर एकाच वेळी जिवंत असलेलं असं गाणं नादवेलने पूर्वी पाहिलं नव्हतं. खुद्द शर्वरीही सुटली नव्हती. तिची ईरा जर्मनीत शिकत होती. ही खिडकी आपणच उघडली आहे हे माहीत असूनही, रोज संध्याकाळी घरी जाताना 'उडून गेली ईरा' आलं की तिचे डोळे भरायचे. मग हलकं वाटायचं, आणि घर यायचं.

द्वारका आली ती चप्पल काढून, दारातूनच बोलत.

"मॅडम, रेडिओवर लागतोय त्यो आवाज माझाच हाय न्हवं?"

"तुमचाच, द्वारकाताई. या, बसा ना. चहा सांगू?"

"चहा ऱ्हाऊ द्या. मी तेजूचं नाव कवा घेतलं त्यात?"

शर्वरी हसली. "ते तुम्ही नाही घेतलंत. ते मावशीने घातलं."

"कोण मावशी? बोलवा तिला हिकडं."

"अहो, यंत्र आहे ते. आम्ही लाडाने मावशी म्हणतो."

"यंत्र असू दे न्हाई तर सख्खी मावशी असू दे. जित्या पोरीचं नाव मेलेल्याच्या ओवीत घालत्यात व्हय?"

शर्वरीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, कारण ते कुठे ठेवावं हे तिला कळेना. "मेलेल्याच्या?" तिने विचारलं.

"राघूच्या." द्वारका आता खुर्चीत बसली. "माझा पोरगा. तेजूच्या पाठचा. चौथीत हुता, तापात गेला."

"पण रेकॉर्डिंगच्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, ओवी कुणाची. तुम्ही म्हणालात, राघूची ओवी आहे."

"मग? राघूचीच हाय की."

शर्वरीला तो दिवस लख्ख आठवला. राघूची ओवी, ती म्हणाली होती, आणि शर्वरीने मान डोलावली होती. कारण तिच्या लेखी अशा ओव्या शेकड्यांनी होत्या, राघूच्या, मैनेच्या, बंधुरायाच्या. तिने पुढे काही विचारलं नव्हतं. जे आपल्याला आधीच येतं ते कोण कशाला विचारतं?

"मग इतके दिवस तुम्हाला कळलं कसं नाही?"

"जुन्या गाडीत बरोबर लागायचं. राघूच म्हणायचं. नव्या गाडीत माझा फोन जोडला, तवापास्नं हे."

जुन्या रेडिओला साधीच लहर मिळायची. तिच्यात मावशीचा हात नसायचा. पण तसले रेडिओ आता किती राहिले होते? भंगारात निघालेल्या गाड्यांत, एखाद्या पानटपरीवर.

"बाकीच्यांना काय ऐकू येतं मग?" द्वारकाने विचारलं.

"ज्याला त्याला आपापल्या माणसाचं नाव. कुणाला पिंटू, कुणाला सई."

"म्हंजी राघू कुणालाच न्हाई?"

शर्वरीने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"मी सिग्नलला थांबायची ना," द्वारका सावकाश म्हणाली, "तवा शेजारच्या गाडीत माझं गाणं लागल्यालं दिसायचं. काच बंद, पर माणसाचं तोंड हालायचं, गाण्याबरोबर. मला वाटायचं, बघा, हा बाबा कोण कुठला, माझ्या पोराचं नाव घेतोय. समदं गाव घेतंय. आणि ती लोकं पिंटू म्हणत हुती."

शर्वरी तिला घेऊन खर्डेकरांकडे गेली. हृषीकेश खर्डेकर नादवेलचे प्रमुख. गाण्यांवर जीव असलेला, थोडा बोलका माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"फार वाईट झालं हो, ताई. चूक आमची आहे. पण हे आत्ताच्या आत्ता निस्तरता येईल. शर्वरी, ताईंच्या रेडिओला कायमचा राघू लावून टाक. ताईंना जिथे जिथे गाणं लागेल, तिथे राघू. बाकीच्यांचं आहे तसं राहू दे. गाणंही वाचलं आणि..."

"मला एकलीला?" द्वारकाने विचारलं.

"हो. अगदी कायमचं."

"साहेब, मला एकलीला त्यो रोजच ऐकू येतोय. त्याला रेडिओ कशाला पाहिजे?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्या ह्या मॅडमनी माईक म्होरं केला तवा मी का गायले? घरात त्याचं नाव निघंना झालं हुतं. त्याचा बाप निघून जायचा बाहेर. तेजू गप्प व्हायची. म्हटलं, घरातली घेत न्हाईत, तर परकी तरी घेतील."

खर्डेकरांनी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. "ताई, खिडकी बंद केली तर हे गाणं जळणार. महिन्याभरात धमालवरून जाईल, मग एकेक करून सगळीकडून. आज ते जिवंत आहे ते त्या खिडकीमुळे. लाखो लोकांना त्यात आपलं माणूस भेटतं. त्यांचं काय?"

"त्यांची माणसं हायेत की. भेटू दे की त्यांना खरोखरची."

"आणि गाणं संपलं तर?"

"संपू दे. माणूस संपतंय, गाण्याला काय झालं? पर हाय तवर त्याचं ऱ्हाऊ दे."

खर्डेकर शर्वरीकडे वळले. खिडक्यांच्या बाबतीत शेवटचा निर्णय तिचा होता. तसं ठरवून त्यांनीच तिला घेतलं होतं. "तुला काय वाटतं? आज नको सांगूस. उद्या सांग."

संध्याकाळी शर्वरी गाडीत बसली. कृष्णेच्या पुलापाशी रांग लागली होती. रेडिओवर पेटी सुरू झाली, सावलीवरची, आणि मग द्वारकाचा आवाज आला.

वाटीत दूधभात, साय त्याच्यावर दाटे,
उडून गेली ईरा, घर केवढं गं वाटे.

आज डोळे भरले नाहीत. अंगावर काटा आला. चौथीतल्या पोराच्या रिकाम्या जागेवर आपण आपली मुलगी नेऊन बसवली आहे, आणि वर रोज तिथे जाऊन गोड रडतो आहोत, हे तिला एकदम दिसलं. तिने रेडिओ बंद केला. ईराशी शेवटचं कधी बोललो, हे आठवायला तिला वेळ लागला. पूर्वी संध्याकाळी घर अंगावर यायला लागलं की ती हमखास फोन करायची. आता घर अंगावर येतच नव्हतं. पुलावरच सगळी हुरहूर वाहून जायची.

तिने फोन लावला.

"आई?" ईरा घाबरून म्हणाली. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी नाही गं. सहज."

"सहज? आठवड्याच्या मधेच, सहज? खरं सांग, बाबांचं बीपी?"

"बाबा ठणठणीत आहेत. तुझं नाव घ्यावंसं वाटलं."

ईरा म्हणाली, "घे मग. किती दिवसांनी घेतेयस. मला वाटलं, तू रागावलीस. मी इथे आजारी पडले होते, तेही सांगितलं नाही मग."

"आजारी? कधी?"

"बरी आहे आता. आधी नाव घे, मग ओरड."

मागच्या गाडीने हॉर्न दिला. रांग पुढे सरकली होती. शर्वरी ओरडली नाही. पूल संपला, घर आलं, तरी ती गाडीतच बसून बोलत होती.

दुसऱ्या दिवशी तिने खिडकी बंद केली. 'राघू'समोर तिने खूण केली: विशेषनाम, बदलू नये. मावशीने नेहमीच्या गोड भाषेत इशारा दिला, की या गाण्याचं आयुष्य यामुळे फार कमी होईल. शर्वरीने 'माहीत आहे' वर बोट ठेवलं.

तक्रारींचा पूर आला. मिरजेचे एक निवृत्त पोस्टमास्तर तर रोज फोन करायचे.

"आमच्या पिंटूचं नाव का काढलंत? पुण्याला असतो हो तो. तेवढंच ऐकून बरं वाटायचं."

"काका, त्यालाच फोन करा ना."

"करतो की. उचलत नाही गाढव."

"मग पुन्हा करा."

"तुमचा रेडिओ उचलायचा तरी," असं म्हणून त्यांनी फोन आपटला.

गाणं थकत गेलं. मावशीने श्वास लांबवले, ठेका मागेपुढे केला, पण तेवढ्याने किती दिवस ढकलणार? आधी धमालने ते सोडलं. मग अंगणवरच्या पोरांना नवं काहीतरी सापडलं. पहाटवरून गेलं ते कुणाला कळलंही नाही. वळणवर ते बरेच दिवस तग धरून होतं, कारण रस्त्यावरच्या माणसाला ओळखीचा आवाज लागतो. पण तिथेही हात बटणाकडे जायला लागले. सावलीच्या नियोजकाने ते झोपायला पाठवलं. म्हणाला, "दहा-पंधरा वर्षं विश्रांती देऊ. मग बघू कुणाला आठवतंय." शेवटी एकट्या शिवारवर उरलं, दुपारी, बाजारभाव संपल्यानंतर. आणि एका आठवड्यात तिथूनही उतरलं.

ते सांगायला शर्वरी स्वतः शाळेपाशी गेली. शाळा सुटायला अवकाश होता. द्वारका गाडीत पाय वर घेऊन शेंगा फोडत बसली होती. तिने शेजारची जागा हाताने झाडून दिली.

"उतरलं ना?" तिनेच विचारलं.

"हो. कालपासून."

"दमलं बिचारं. झोपू दे आता." तिने मूठभर शेंगा शर्वरीच्या ओंजळीत ओतल्या. "लोकं लई चिडली का तुमच्यावर?"

"चिडली. पण एक निरोप आलाय. तो तुमच्यासाठी आहे म्हणून आले." शर्वरीने फोन मध्ये धरला. जत तालुक्यातल्या उमदीहून आलेला आवाज होता, रांगडा, जरा मोठ्यानेच बोलणारा.

"नमस्कार, मी मलकारी बिराजदार. आमच्या रानात दुपारी त्ये राघूचं गाणं लागायचं, कालपास्नं लागंना. ते असू द्या. पैलं त्यात आमच्याच पोराचं नाव यायचं, तवा काय विचारायचा प्रश्न नव्हता. आता राघू राघू ऐकून आमची आई सारखी विचारतीया, ह्यो राघू कोण हुता म्हणून. कुणाचा हुता? कसा हुता? गाणारीला विचारून सांगा की जरा. म्हातारीला चैन न्हाई."

निरोप संपला. द्वारकाच्या हातातली शेंग तशीच राहिली. शर्वरीने नजर दुसरीकडे वळवली, शाळेच्या बंद फाटकाकडे. बाई रडेल, तर तिला रडू द्यावं, असं तिला वाटलं.

पण द्वारका हसत होती. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून.

"कसा हुता म्हणं!" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत कुणी विचारलं न्हाई बगा मला. मेला कशानं ते समद्यांनी विचारलं."

"कसा होता?" शर्वरीने विचारलं. "मी रेकॉर्ड करू? उमदीला पाठवते."

"करा की." द्वारकाने पदराने हात पुसले, नीट सावरून बसली, रेकॉर्डिंगच्या त्या दिवशी बसली होती तशी अवघडून नाही, तर पाय हलवत. "मलकारीदादा, आईला सांगा, राघू लई खोटारडा हुता. एक नंबरचा थापाड्या. मी तवा दुधाचा टेम्पो चालवायची. आणि ह्यानं शाळेत काय सांगावं? माझी आई विमान चालवती! गुरुजींनी मला बोलावून घेतलं. मी त्याला घरी धरला कानाला, म्हटलं, का रं सांगितलंस असं? तर म्हणतोय कसा, टेम्पो म्हटलं असतं तर कुणी ऐकलं असतं व्हय?"

"मग गुरुजींना काय सांगितलंत?"

"काय सांगणार? पोरगं समोर हुबं, तोंड एवढंसं केलेलं. म्हटलं, व्हय गुरुजी, चालवते. रविवारचं."

शाळेची घंटा झाली. फाटक उघडलं आणि पोरं दप्तरं उडवत गाडीकडे धावत सुटली. शर्वरीने फोन बंद करायला बोट पुढे केलं, तेवढ्यात द्वारकाने तिचं मनगट धरलं.

"थांबा, थांबा. चालू ऱ्हाऊ द्या. अजून एक हाय."